रनटाइमला नेमकं ठरवतं कोण?

प्रश्न असा आला आहे: ‘मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओओपीच्या (सी प्लस प्लसमधल्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या) ओरलला एक्स्टर्नलनी विचारलं, व्हर्च्युअल फंक्शन म्हणजे काय? मी म्हटलं, कोणतं फंक्शन चालवायचं ते रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालू असताना, ठरतं. ते म्हणाले, ठरवतं कोण? मी गप्प. मग म्हणाले, बरं, कन्स्ट्रक्टर व्हर्च्युअल का नसतो? परत गप्प. नोट्समध्ये “लेट बाइंडिंग” एवढंच लिहिलंय. कुणी नीट सांगेल का? आणि व्हर्च्युअलमुळे प्रोग्राम हळू होतो हे खरं आहे का?’

दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणून ‘तू’ म्हणतो. वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्या एक्स्टर्नलनी प्रश्न चोख विचारला. मी हिंजवडीत इंटरव्ह्यू घ्यायला बसतो तेव्हा पाच-सहा वर्षं नोकरी केलेली मंडळीही इथेच अडकतात. लेट बाइंडिंग, डायनॅमिक डिस्पॅच, रनटाइम पॉलिमॉर्फिझम अशी मंत्रपुष्पांजली खणखणीत म्हणून होते, आणि ‘पण ठरवतं कोण?’ म्हटलं की नजर पंख्याकडे जाते.

खरं सांगायचं तर रनटाइमला कुणीच काही ठरवत नाही. अर्धं कंपायलरने आधीच ठरवून ठेवलेलं असतं, उरलेलं अर्धं ऑब्जेक्ट जन्माला येतं त्या क्षणी ठरतं. कॉलच्या वेळी फक्त लिहून ठेवलेलं वाचायचं असतं. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की या विषयातले बहुतेक खड्डे आपोआप दिसायला लागतात.

कुत्रा भुंकतो आणि मांजर म्याव करतं हे उदाहरण मी घेणार नाही. त्याने फक्त भुंकणं कळतं. माझी बरीच वर्षं चाकण-भोसरीच्या कारखान्यांसाठी डेटा लॉगर लिहिण्यात गेली, तर तिथलंच घेऊ. ‘सेन्सर’ नावाचा बेस क्लास. त्यात तीन व्हर्च्युअल फंक्शन, याच क्रमाने: ‘सुरू’, ‘वाच’, ‘बंद’. त्याच्यापासून निघालेले दोन डिराइव्ड क्लास, ‘तापमान’ आणि ‘दाब’. लॉगरकडे सेन्सरच्या पॉइंटरची एक यादी आहे. तो लूप लावतो आणि प्रत्येकाला ‘वाच’ म्हणतो. पॉइंटरच्या पलीकडे तापमान आहे की दाब, हे त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही.

आता कंपायलर काय करतो ते बघ. ज्या क्लासमध्ये एक जरी व्हर्च्युअल फंक्शन असेल, त्या क्लाससाठी तो फंक्शनच्या पत्त्यांचा एक तक्ता बनवतो. यालाच व्हीटेबल म्हणतात. तक्ता क्लासमागे एक. ऑब्जेक्ट हजार असोत नाहीतर एक. सेन्सरच्या तक्त्यात कप्पा 0 मध्ये ‘सुरू’, कप्पा 1 मध्ये ‘वाच’, कप्पा 2 मध्ये ‘बंद’. तापमानच्या तक्त्यातही हाच क्रम, फक्त कप्प्यांतले पत्ते तापमानच्या फंक्शनचे. तापमानने ‘बंद’ पुन्हा लिहिलंच नसेल तर कप्पा 2 मध्ये सेन्सरच्याच ‘बंद’चा पत्ता. शिवाय प्रत्येक ऑब्जेक्टच्या पोटात, तुला न विचारता, कंपायलर एक पॉइंटर घालतो. तो आपापल्या क्लासच्या तक्त्याकडे बोट दाखवतो. हा व्हीपॉइंटर.

पोस्टाची खिडकी डोळ्यांसमोर आण. समज, शहरातल्या सगळ्या पोस्टांत ठरवून टाकलंय की खिडकी 1 म्हणजे रजिस्टर पत्रं. तुला फक्त खिडकीचा नंबर सांगितलेला आहे. कुठल्या पोस्टात जायचं ते पाकिटावर लिहिलंय. खिडकीचा नंबर कंपायलरने दिला, पाकिटावरचा पत्ता ऑब्जेक्टने. त्या खिडकीमागे कोण बसलंय याचा विचार चालणाऱ्याने करायचाच नाही.

मशीनच्या पातळीवर, 64 बिटच्या कॉम्प्युटरवर, ‘वाच’चा कॉल असा दिसतो: ऑब्जेक्टच्या सुरुवातीचे 8 बाइट वाच, तो तक्त्याचा पत्ता. त्या पत्त्यापासून 8 बाइट पुढे जे लिहिलंय ते वाच, तो फंक्शनचा पत्ता. तिथे उडी मार. बस. ‘तापमान असेल तर हे, दाब असेल तर ते’ असा सवाल या तीन पायऱ्यांत कुठेही नाही. उद्या कुणी ‘कंपन’ नावाचा तिसरा सेन्सर लिहिला तरी लॉगरचा हा तुकडा पुन्हा कंपाइल करायला लागत नाही, तो यामुळेच.

घरी करून बघ. एकच इंट असलेला क्लास लिही आणि साइझऑफ छाप: 4 येईल. आता त्यात एक व्हर्च्युअल फंक्शन घाल: 16. आठ बाइट व्हीपॉइंटरचे, चार इंटचे आणि चार भरतीचे, म्हणजे पॅडिंगचे. मग आणखी दहा व्हर्च्युअल फंक्शन घाल. तरी 16 च. वाढतो तो तक्ता, ऑब्जेक्ट नव्हे. जीडीबी हा डीबगर वापरत असशील तर ‘इन्फो व्हीटीबीएल’ आणि पुढे ऑब्जेक्टचं नाव दे, अख्खा तक्ता कप्प्यांसकट समोर येतो. माझ्या मते प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये हे असायला हवं. असो.

(ओरलपुरता एक सावधगिरीचा शब्द: सी प्लस प्लसच्या स्टँडर्डमध्ये व्हीटेबल असा शब्दच नाही. वागणूक कशी हवी एवढंच तिथे सांगितलंय. पण जीसीसी, क्लँग, मायक्रोसॉफ्टचा कंपायलर, सगळे याच वाटेने जातात. एक्स्टर्नल खवचट निघाले तर हे वाक्य उपयोगी पडेल.)

आता दुसरी अर्धी बाजू, जन्माची. व्हीपॉइंटर भरतं कोण? कन्स्ट्रक्टर. म्हणजे ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारं फंक्शन. आणि एकदाच नाही. तापमानचं ऑब्जेक्ट बनताना आधी सेन्सरचा कन्स्ट्रक्टर चालतो, तो व्हीपॉइंटरमध्ये सेन्सरच्या तक्त्याचा पत्ता टाकतो. मग तापमानच्या कन्स्ट्रक्टरची पाळी येते आणि तो त्यावर स्वतःच्या तक्त्याचा पत्ता लिहितो. म्हणजे काही क्षण ते ऑब्जेक्ट खरोखरच नुसतं सेन्सर असतं. डिस्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट मोडताना, हाच प्रवास उलटा.

म्हणून बेसच्या कन्स्ट्रक्टरमधून ‘सुरू’ हे व्हर्च्युअल फंक्शन बोलावलंस, तर बेसचंच ‘सुरू’ चालतं, तापमानचं नाही. नवी पोरं हमखास इथे आपटतात, आणि ‘व्हर्च्युअल काम करत नाहीये’ असं सांगत येतात. ते काम करतंय. तक्ताच अजून बदललेला नाही. ‘सुरू’ प्युअर व्हर्च्युअल, म्हणजे डिराइव्हडने लिहायलाच हवं असं, असेल आणि कन्स्ट्रक्टरने ते थेट न बोलावता मधल्या एखाद्या साध्या फंक्शनमार्फत बोलावलं, तर कंपायलरच्या नजरेतूनही सुटतं, आणि प्रोग्राम ‘प्युअर व्हर्च्युअल मेथड कॉल्ड’ असं म्हणून मान टाकतो. जावातून येणाऱ्यांसाठी हा आणखी चकवा आहे, कारण जावात कन्स्ट्रक्टरमधूनसुद्धा डिराइव्हडचीच मेथड चालते. फक्त तेव्हा तिची फील्ड अजून शून्य किंवा नल असतात. कुठला नियम जास्त त्रासाचा, यावर चहा पिता पिता तासभर भांडता येतं.

स्लायसिंगही याच घरातलं. फंक्शनला सेन्सर ‘बाय व्हॅल्यू’, म्हणजे कॉपी करून, दिलास, किंवा व्हेक्टरमध्ये पॉइंटर न ठेवता सेन्सरच ठेवलेस, तर तापमानमधला सेन्सरचा भाग कापून नवं ऑब्जेक्ट बनतं. कॉपी करताना व्हीपॉइंटर कॉपी होत नाही. नवं ऑब्जेक्ट सेन्सर म्हणून जन्मलं, त्याच्या पोटात सेन्सरचाच पत्ता. बेस क्लासमध्ये एखादं फंक्शन प्युअर ठेवलं की ही चूक कंपायलरच पकडतो, म्हणून मी बेस शक्यतो तसाच ठेवतो.

मेमसेटची गोष्ट तर क्लासिक आहे. सी मधून आलेला माणूस सवयीने कन्स्ट्रक्टरमध्ये मेमसेट करून आख्खं ऑब्जेक्ट शून्य करतो. त्याबरोबर व्हीपॉइंटरही शून्य. साधी फंक्शन मजेत चालतात, पहिल्या व्हर्च्युअल कॉलला सेगमेंटेशन फॉल्ट. एकदा माहीत झालं की क्रॅश बघूनच ओळखता येतो.

डीफॉल्ट आर्ग्युमेंटचं मात्र उलट आहे. बेसमध्ये ‘वाच’ची डीफॉल्ट किंमत 10 आणि तापमानमध्ये 50 दिलीस, आणि बेस पॉइंटरवरून काही न देता बोलावलंस, तर फंक्शन तापमानचं चालतं, पण हातात 10 घेऊन. डीफॉल्ट किंमत तक्त्यात नसते ना. ती कंपायलर कॉलच्या जागी चिकटवतो, आणि त्याला तिथे फक्त सेन्सर दिसतो.

आता माझ्या फजितीची गोष्ट सांगतो, कारण कप्पा नंबर म्हणजे काय ते मला तिथेच खऱ्या अर्थाने कळलं. तोवर मीही नोट्सवालाच होतो.

आमच्या लॉगरमध्ये मुख्य प्रोग्राम वेगळा आणि प्रत्येक प्रकारच्या सेन्सरची शेअर्ड लायब्ररी वेगळी, प्लगइनसारखी. चाकणच्या एका कारखान्यात भट्टीचे सेन्सर लावलेले. नवीन व्हर्जनमध्ये मला ‘तपास’ नावाचं फंक्शन हवं होतं, सेन्सर ठीक आहे का ते बघायला. मी सेन्सर क्लास जिथे लिहिलाय ती हेडर फाइल उघडली आणि वाचायला बरं दिसतं म्हणून ते ‘सुरू’ आणि ‘वाच’च्या मध्ये टाकलं. मुख्य प्रोग्राम नव्याने बिल्ड केला. भट्टीच्या प्लगइनमध्ये काहीच बदल नव्हता, म्हणून जुनी लायब्ररी तशीच ठेवली. लिंक झालं, लोड झालं, एक वॉर्निंग नाही. शुक्रवार संध्याकाळ होती, हे सांगायला नकोच.

शनिवारी सकाळी फोन. लॉगर चालू केला की भट्टीचे सेन्सर बंद पडतात, आणि स्क्रीनवर तापमान म्हणून काहीही आकडे येतात. मी हार्डवेअरवाल्यांना दोष देत मोशीच्या ट्रॅफिकमधून तिथे पोचलो. केबल बदलून झाली, सेन्सर बदलून झाला. दुपारी तीनच्या सुमारास, काहीच सुचेना म्हणून, प्लगइनच्या ‘बंद’मध्ये ब्रेकपॉइंट लावला. तो लागला. बोलावणारा कोण म्हणून बघितलं, तर माझीच ओळ: ‘वाच’.

बघ काय झालं ते. नव्या हेडरप्रमाणे कप्पे असे: 0 सुरू, 1 तपास, 2 वाच, 3 बंद. मुख्य प्रोग्राम ‘वाच’साठी कप्पा 2 मध्ये हात घालत होता. जुन्या प्लगइनच्या तक्त्यात कप्पा 2 मध्ये ‘बंद’. म्हणजे मी ‘वाच’ म्हणत होतो आणि सेन्सर इमानेइतबारे बंद होत होता. ‘तपास’ म्हटलं की तो वाचून दाखवत होता. ‘बंद’ म्हटलं की तक्त्याबाहेरच्या चौथ्या कप्प्यात हात, तिथे जे काय पडलं असेल ते. आणि ते विचित्र आकडे? ‘वाच’ दशांश संख्या परत देतं, ‘बंद’ काहीच देत नाही. बोलावणारा मात्र ठरलेल्या रजिस्टरमध्ये उत्तर आहे असं धरून चालतो. तिथे आधीचा जो कचरा राहिला होता तो भट्टीचं तापमान म्हणून छापला जात होता. मशीनच्या तक्त्यात फंक्शनची नावं नसतात, फक्त नंबर असतात. पोस्टात मधेच एक नवी खिडकी घुसवली आणि जुन्या शाखांना कळवलंच नाही, तसलाच प्रकार.

(बारकावा: वरचे नंबर मी डिस्ट्रक्टर बाजूला ठेवून सांगितले. लिनक्सवर जीसीसीत व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर दोन कप्पे अडवतो, त्यामुळे प्रत्यक्षातले नंबर सरकलेले दिसतील.)

नवं फंक्शन शेवटी टाकायचं, एवढंच मग लोक शिकतात. तेही अर्धवट आहे. शेवटी टाकलं तर जुने कॉल सरळ राहतात, पण जुन्या प्लगइनवर नवं फंक्शन बोलावलं की पुन्हा तक्त्याबाहेर. मायक्रोसॉफ्टच्या कॉम नावाच्या कॉम्पोनेंट पद्धतीत यावर कडक नियम आहे: एकदा प्रसिद्ध केलेल्या इंटरफेसला हात लावायचा नाही, नवं काही हवं असेल तर नवा इंटरफेस काढायचा. आम्ही तेव्हापासून प्लगइन लोड होताना आधी व्हर्जन नंबर विचारतो, जुळला नाही तर दारातूनच परत.

हेच दुखणं छोट्या आकारात रोज भेटतं. बेसमधलं ‘वाच’ कॉन्स्ट (ऑब्जेक्ट न बदलणारं) आहे आणि तू डिराइव्हडमध्ये कॉन्स्ट विसरलीस, तर ते ओव्हरराइड होत नाही, म्हणजे बेसच्या ‘वाच’ची जागा घेत नाही. तक्त्यात वेगळाच नवा कप्पा उघडतो किंवा ते साधं फंक्शन राहतं, आणि जुन्या कप्प्यात बेसचाच पत्ता. 2011 च्या स्टँडर्डपासून ‘ओव्हरराइड’ हा शब्द मिळालाय, तो लिहिला की कंपायलर तिथल्या तिथे ओरडतो. माझ्या टीममध्ये तो नसेल तर कोड रिव्ह्यू पुढे सरकत नाही. व्हर्च्युअल डिस्ट्रक्टरबद्दलही तेवढाच हट्टी आहे: बेस पॉइंटरवरून डिलीट करणार असशील आणि बेसचा डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल नसेल, तर पुढे काय होईल याची भाषा हमी देत नाही. बहुधा नुसता बेसचा डिस्ट्रक्टर चालतो आणि तापमानने उघडलेला पोर्ट तसाच उघडा राहतो.

आणि लिंकरची ती प्रसिद्ध तक्रार, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू व्हीटेबल’. घाबरायचं नाही. जीसीसी क्लासचा तक्ता त्या फाइलमध्ये ठेवतो जिथे पहिल्या व्हर्च्युअल फंक्शनची बॉडी लिहिलेली असते (प्युअर आणि इनलाइन सोडून). ती बॉडी लिहायचीच राहिली, किंवा ती फाइल बिल्डमध्ये घ्यायची राहिली, की तक्ता कुठेच बनत नाही. एवढंच म्हणणं असतं त्याचं.

हळू होतं का? दोन जास्तीचे मेमरी रीड आणि एक अप्रत्यक्ष उडी, एवढा खर्च. त्याच त्या क्लासचे ऑब्जेक्ट लागोपाठ आले तर प्रोसेसरचा ब्रँच प्रेडिक्टर उडी कुठे जाणार ते आधीच ओळखतो आणि खर्च जवळपास जाणवत नाही. खरा तोटा इनलाइनिंगचा. कुठलं फंक्शन ते माहीत नसल्यामुळे कंपायलर ते कॉलच्या जागी उलगडू शकत नाही, आणि त्यापुढच्या सगळ्या सुधारणा हुकतात. आमच्या लॉगरमध्ये आधी एकेका सँपलला ‘वाच’ होतं. ते बदलून एका कॉलमध्ये 1000 सँपलचा ठोकळा भरून घ्यायला लागलो. व्हर्च्युअल तिथेच राहिलं, फक्त आतल्या लूपमधून बाहेरच्या लूपमध्ये आलं. बहुतेक वेळा एवढं पुरतं. टाइप नक्की माहीत असेल, किंवा क्लासवर ‘फायनल’ लिहिलं असेल, तर कंपायलर तक्ता टाळून थेट कॉलही करतो. म्हणून असेंब्ली बघताना ऑप्टिमायझेशन बंद ठेव, नाहीतर तक्ता दिसणारच नाही आणि मी थापा मारतोय असं वाटेल.

ही काही सी प्लस प्लसची जादू नाही. लिनक्सचं कर्नल सी मध्ये आहे, तिथे क्लास नाही की व्हर्च्युअल नाही. तरी ‘फाइल ऑपरेशन्स’ नावाचं एक स्ट्रक्चर आहे, त्यात ओपन, रीड, राइट यांचे फंक्शन पॉइंटर. प्रत्येक ड्रायव्हर आपापला तक्ता भरतो आणि उघडलेल्या फाइलमध्ये त्या तक्त्याकडे जाणारा पॉइंटर असतो. व्हीटेबल आणि व्हीपॉइंटर, हाताने विणलेले. ‘व्हर्च्युअल’ हा शब्द नॉर्वेतल्या दाल आणि नीगार्ड यांच्या सिम्युला या भाषेतून आला. सी प्लस प्लसचे जनक स्ट्राउस्ट्रुप यांनी 1979 मध्ये तिचं पहिलं रूप ‘सी विथ क्लासेस’ सुरू केलं तेव्हा त्यात व्हर्च्युअल फंक्शन नव्हती. ती 1983 च्या सुमारास आली. जावात स्टॅटिक, प्रायव्हेट आणि फायनल सोडून सगळ्या मेथड मुळातच व्हर्च्युअल, म्हणून तो शब्द लिहावा लागत नाही. पायथनमध्ये कप्पा नंबरही नाही, तिथे नावाने डिक्शनरीत शोध होतो. माझी भट्टीची चूक पायथनमध्ये झाली नसती, वेगळीच कुठलीतरी झाली असती.

राहिला कन्स्ट्रक्टर. व्हर्च्युअल कॉलची पहिली पायरी काय? ऑब्जेक्टच्या पोटातला पत्ता वाच. आणि तो पत्ता भरतं कोण? कन्स्ट्रक्टर. मग कन्स्ट्रक्टरच व्हर्च्युअल करायचा म्हटलं तर वाचायचं कुठून? ऑब्जेक्ट अजून नाहीच. स्टॅटिक फंक्शन व्हर्च्युअल नसतं त्याचंही कारण तेच, तिथेही ऑब्जेक्ट नाही. जन्म देताना प्रकार नक्की सांगावाच लागतो.

त्यामुळे व्हर्च्युअलने इफ-एल्स संपतं असं पुस्तकात वाचलंस तर पूर्ण विश्वास ठेवू नकोस. आमच्या लॉगरमध्येही एक फंक्शन आहे, कॉन्फिग फाइलमधला ‘तापमान’, ‘दाब’ असा शब्द वाचून त्या त्या क्लासचं ऑब्जेक्ट बनवून देणारं. त्यात इफ-एल्सची चांगली लांबलचक रांग आहे. पूर्वी ती कोडमध्ये ठिकठिकाणी होती, आता त्या एका फाइलमध्ये आहे, आणि नवा सेन्सर आला की हात तिथेच लावायचा.